हवेची दुसरी वाट

१८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि दाट वस्तीत समुद्रावरचा वारा शिरावा म्हणून या संस्थेने प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले. त्याच शहरात गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतींमध्ये दोन इमारतींतील अंतर जेमतेम तीन मीटर ठेवले गेले. तेथे उजेड आणि वारा अपुरा असलेल्या घरांचा क्षयरोगाशी संबंध असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. मधल्या शतकात वास्तुशास्त्राचे ज्ञान वाढले, तरी घरातल्या हवेचा विचार मात्र आराखड्याच्या कडेला ढकलला गेला, ही खेदाची बाब आहे.

उष्ण व दमट प्रदेशात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक षष्ठांश इतके उघडणारे क्षेत्र असावे, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते, आणि २०१८ च्या इको निवास संहितेतील १६.६६ टक्क्यांचे प्रमाणही तेच आहे. येथे उघडणारे क्षेत्र म्हणजे काचेचे किंवा चौकटीचे नव्हे, तर प्रत्यक्ष हवा जाईल एवढ्या मोकळ्या जागेचे क्षेत्र. बारा चौरस मीटरच्या खोलीला असे दोन चौरस मीटर लागते, तेथे १.८ बाय १.२ मीटरची दोन झडपांची सरकती खिडकी बसवली, तर चौकट २.१६ चौरस मीटरची असूनही एका वेळी निम्मीच उघडते आणि हाती सुमारे १.०८ चौरस मीटर उरते. त्यावर डासांची जाळी आलीच. बिजागरीची खिडकी सुमारे नव्वद टक्के उघडते; तिची झडप बाहेरच्या ग्रिलला अडते हे खरे, परंतु ती अडचण ग्रिलच्या रचनेने सुटणारी आहे, हवेची कमतरता तशी सुटत नाही.

क्षेत्रफळ पुरेसे असले, तरी आत आलेल्या हवेला बाहेर जाण्यास दुसरी वाट नसेल तर वारा खिडकीशीच थबकतो. समोरासमोरच्या किंवा लगतच्या भिंतींतील उघाडांमधून वाऱ्याच्या दाबातील फरकाने हवा वाहते, तर उष्ण हवा हलकी होऊन वर जाते म्हणून उंचावरचा झरोका वारा पडलेल्या वेळीही काम करतो. माळवदी घरांच्या छतातले सवणे, म्हणजे धूर आणि ऊब बाहेर सोडणारे छिद्र, याच तत्त्वावर होते. दारावरचा व्हेंटिलेटर वातानुकूलनाच्या सोयीसाठी नाहीसा झाल्यापासून बंद शयनगृहात रात्रभर उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड साचत राहतो.

बाहेरची हवाच दूषित असेल तर खिडकी कधी उघडावी, हाही प्रश्न व्यावसायिकांनी टाळू नये. हिवाळ्यात पहाटे थंड हवेच्या थरात धूलिकण जमिनीलगत अडकतात आणि ऊन चढल्यावर ते विरळ होऊ लागतात, म्हणून तेव्हा दुपारचे वायुवीजन अधिक हितकर ठरते; ही माहिती घराचा ताबा देताना रहिवाशांना मिळायला हवी.

वास्तुविशारदांनी यापुढे खिडक्यांच्या तक्त्यात प्रत्येक खोलीचे उघडणारे क्षेत्र स्वतंत्र रकान्यात लिहावे आणि छेदचित्रात हवेची येण्याची व जाण्याची वाट दाखवावी. ती दाखवता येत नसेल, तर तो आराखडा मंजुरीसाठी पाठवू नये.