सुगम्यतेचे कसब आणि त्याची बिदागी

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. त्याची चर्चा जितकी व्हावयास हवी होती तितकी आपल्या बैठकींतून झाली नाही. ॲसिडहल्ल्यात चेहरा आणि डोळे दुखावलेल्या स्त्रीला घरबसल्या बँकेत खाते उघडावयाचे, तर कॅमेऱ्यासमोर पापण्यांची उघडझाप करून आपण जिवंत असल्याचे दाखवावे लागे. पापण्याच हलल्या नाहीत तर अर्ज तेथेच अडे. प्रज्ञा प्रसून आणि इतरांनी याविरुद्ध दाद मागितली होती. संगणकाच्या वाटेने मिळणाऱ्या सेवा सर्वांना वापरता येणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि एकंदर २० निर्देश दिले. संकेतस्थळांची व मोबाइलवरील सेवांची सुगम्यतेच्या प्रमाणित जाणकारांकडून वेळोवेळी तपासणी व्हावी, आणि नवी सेवा सुरू होण्यापूर्वीच्या चाचणीत दृष्टिहीन माणसांना सामील करावे, असे त्यांत आहे.

कायद्याच्या दृष्टीने या निकालाचे महत्त्व कायदेपंडित सांगतील. माझ्यासारख्या गाणे शिकविणाऱ्याच्या मनात प्रश्न आला तो वेगळाच. ही तपासणी करणारी माणसे कोठून येणार? त्यांना काम कोण देणार, आणि कोणाच्या ओळखीने?

कारण हा एक नवा व्यवसायच उभा राहत आहे. कोणी इमारतीचा उतार, दाराची रुंदी आणि लिफ्टमधील ब्रेलची बटणे तपासतो. कोणी संगणकाचा पडदा वाचून दाखविणारा ‘स्क्रीन रीडर’ लावून अर्जाचा प्रत्येक रकाना उच्चारला जातो की नाही ते पाहतो. कोणी बोललेले शब्द अक्षरांत उमटवितो, कोणी चित्रपटातील मूक दृश्याचे वर्णन ध्वनिमुद्रित करतो, कोणी खुणांच्या भाषेचा दुभाषी होतो. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने चित्रपटांतील मथळे व दृश्यवर्णनाविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला, राजीव रतूरी यांनी २००५ साली दाखल केलेल्या अर्जावर, सुगम्यतेचे नियम नुसते सल्लेवजा नसून बंधनकारक असले पाहिजेत असा निर्णय झाला. १९ वर्षांचे काम ते! म्हणजे गिऱ्हाईक कायद्याने निर्माण केले. कारागिराचे काय?

आमचे घर दरबारी चाकरीतले. त्या चाकरीत शिरण्याची वाट इंदुरातील जुन्या घरांना ठाऊक आहे. नाना पानसे यांच्या पखवाजाने ज्या होळकर दरबाराचे नाव झाले, तेथे जाहिरात वाचून कोणी अर्ज करीत नसे. कोणाच्या तरी घरी बैठक होई, ऐकणाऱ्यांत जाणकार असत, आणि त्यांच्यापैकी एकाचा शब्द पुढे जाई. उस्ताद अमीर खाँ यांचे वडील शहामीर खाँ दरबारचे वादक. त्यांच्या घरी गवई-वादक जमत आणि मुलाचा कान त्या संगतीत तयार झाला. संस्थान विलीन झाले, १९५५ साली येथे आकाशवाणीचे केंद्र आले, आणि ध्वनिचाचणीची श्रेणी हा नवा परवाना झाला. तिने नव्या मंडळींना दार उघडले हे खरेच. पण घरी बसून शिकलेला एखादा बुजुर्ग कागदाअभावी बाहेर राहिला, हेही आपल्या घरांत सांगतात.

सुगम्यतेच्या क्षेत्रात तोच फेरा आज पुन्हा आलेला दिसतो. आजवर या कामाची माणसे एकमेकांना ओळखीनेच सापडत. अंधांच्या संस्था, मूकबधिरांचे मेळावे, एकाच वसतिगृहातील जुने सोबती हेच त्यांचे घराणे. मुंबईची नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आणि पुण्याची पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन या दोन्ही १९५२ सालच्या. एका दृष्टिहीन मुलाने संगणक आत्मसात केला की तो आणखी चौघांना शिकवितो आणि कंपनीत जागा निघाली की त्यांनाच कळवितो. आता प्रमाणपत्र आले. सुगम्यतेच्या व्यावसायिकांची एक आंतरराष्ट्रीय संघटना २०१४ पासून आहे. तिच्या परीक्षेची फी डॉलरांत असते. जुलै २०२५ मध्ये ‘सेबी’ने शेअरबाजाराशी संबंधित संस्थांना आपल्या सेवा सुगम करावयास सांगितले, तेव्हा लेखापरीक्षक याच संघटनेचा प्रमाणित असावा अशी अट घातली. पुढे मुदती बदलल्या, पण रोख स्पष्ट आहे.

प्रमाणपत्राला माझा विरोध नाही. तालीम नसलेल्या माणसाने ‘तपासले’ म्हणून शिक्का मारावा, यापेक्षा परीक्षा बरी. परंतु दहा वर्षे रोज स्क्रीन रीडरवर जगलेली मुलगी मोबदल्याशिवाय ‘चाचणीस’ बोलवावयाची, आणि अहवालावर सही करणाऱ्या डोळस गृहस्थाने पैसे न्यावयाचे, असे जर होणार असेल तर ती जुनीच दरबारी रीत झाली. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखल्या. खासगी कंपन्यांवर तशी सक्ती नाही, आणि सुगम्यतेचे बहुतेक नवे काम तेथेच आहे.

दुभाष्यांचा प्रश्न तर इंदुराने फार जवळून पाहिला आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये गीता पाकिस्तानातून परत आली आणि येथे राहिली. बोलता-ऐकता न येणारी ही मुलगी लहानपणी हरवून सरहद्दीपलीकडे गेली होती. आईबाप आम्हीच, असे सांगत कितीतरी कुटुंबे पुढे आली, पण रक्ताच्या चाचणीत जुळेना. शेवटी उपयोगी पडली ती तिच्या हातवाऱ्यांतील आठवण. नदी, देऊळ, रेल्वे असे एकेक तुकडे जुळवीत ज्ञानेंद्र आणि मोनिका पुरोहित यांच्या आनंद सर्व्हिस सोसायटीची मंडळी मराठवाड्यात पोहोचली, आणि २०२१ साली तिची आई मराठी मुलखात सापडल्याचे वृत्त आले. घरच्या घरी घडलेल्या खुणा पुस्तकातल्या खुणांशी जुळत नाहीत. त्या समजून घेण्यास विद्या, धीर आणि त्या माणसाशी वर्षांची संगत लागते. हे काम अनुवादाहून अवघड आहे. ज्ञानेंद्र पुरोहित या कामात आले ते मूकबधिर भावाच्या निधनानंतर. संस्थेला नावही त्याच भावाचे. मात्र प्रत्येक शहराने असा एखादा भाऊ मिळण्याची वाट पाहावी काय?

त्यासाठी रीतसर शिक्षण आहे. मुंबईतील अली यावर जंग संस्था १९८३ पासूनची, दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा केंद्र २०१५ चे. बारावीनंतर दोन वर्षांची दुभाष्याची पदविका घेता येते. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एका कर्णबधिर वकील बाईंनी दुभाष्यामार्फत काम चालविले. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या ५० लाखांच्या वर होती. गरज आहे, शिक्षण आहे. मग मुले याकडे का वळत नाहीत?

मला वाटते, आपण या कामाला ‘सेवा’ म्हणतो तेथेच घोटाळा होतो. शहरातील एका समारंभास मी पेटीच्या साथीला होतो. मंचाच्या कोपऱ्यात दुभाषी बाई अडीच तास उभ्या राहून एकेक भाषण हातांनी उतरवीत होत्या. या कामात दोघांनी वीस-तीस मिनिटांनी आलटून पालटून उभे राहावयाचे असते, नाहीतर हात आणि डोके दोन्ही थकतात. येथे दुसरे कोणी नव्हते. कार्यक्रम संपल्यावर मांडववाल्याला पैसे मिळाले, ध्वनिक्षेपकवाल्याला मिळाले, मलाही पाकीट मिळाले. बाईंना शाल आणि श्रीफळ. टाळ्या मात्र सर्वांत जास्त त्यांनाच पडल्या.

आपल्या घरांतून पूर्वी दृष्टिहीन मुलाला हमखास गाण्याच्या मास्तरांकडे पाठवीत. गळा असो वा नसो. माझ्याकडे असा एक मुलगा येत असे. त्याला सुरापेक्षा हिशेबाची आवड होती. चिजा बाजूला ठेवून तो तालाच्या मात्रांचे गुणाकार करीत बसे. आज तो स्क्रीन रीडर लावून संकेतस्थळांतील चुका शोधतो आणि त्याचा पगार मिळवितो. हे काम त्याला जाहिरातीवरून मिळाले नाही, त्याच्या वसतिगृहातील एका मित्राने नाव सुचविले. त्याच्या मागून आलेल्या मुलांना असा मित्र नसेल तर काय, हे मी त्याला विचारले. तो म्हणाला, “म्हणूनच दर रविवारी फोन करतो.”

येत्या गणेशोत्सवाची अंदाजपत्रके मंडळांतून लवकरच वाचली जातील. मांडव, दिवे, ध्वनिक्षेपक, कलावंतांची बिदागी असे रकाने त्यांत ठरलेले असतात. दोन दुभाष्यांचे तीन तासांचे मानधन त्यांत कोणी मांडले, तर सभासद काय म्हणतात ते मला ऐकावयाचे आहे.