शंख, इंजेक्शन की मास्क? स्लीप ॲप्नियाच्या उपचारात आपण नेमकं कुठे चुकतोय?

ऑगस्ट 2025 मध्ये शंखाचा तो मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल. शंख फुंकल्याने घोरण्याचा आजार बरा होतो, परदेशी जर्नलनेही ते मान्य केलं, अशा अर्थाचा. एरवी असल्या फॉरवर्डची तपासणी करायला बसलं की दोन मिनिटांत त्यातली हवा निघते. इथे मात्र अभ्यास खरा होता. जयपूरच्या डॉक्टरांनी तो केला होता आणि ‘ईआरजे ओपन रिसर्च’ या युरोपातल्या जर्नलमध्ये तो छापून आला होता.

फॉरवर्डमध्ये गाळलेला भाग असा की, या अभ्यासात माणसं होती फक्त 30. त्यातल्या 16 जणांनी शंख फुंकला, 14 जणांनी दीर्घ श्वसन केलं. आठवड्यातून किमान पाच दिवस, दिवसाला किमान 15 मिनिटं, असे सहा महिने. शंख फुंकणाऱ्यांची दिवसाची पेंग 34 टक्क्यांनी कमी झाली आणि रात्री श्वास अडकण्याचं प्रमाण तासाला साधारण 4 ते 5 वेळांनी घटलं.

आता हे 4-5 म्हणजे खूप की थोडे? ते समजायला आधी आजार समजून घ्यावा लागेल.

तासाला किती वेळा?

झोपेत घशाचे स्नायू सगळ्यांचेच सैल पडतात. काहींच्या बाबतीत ते इतके सैल पडतात की जीभ मागे सरकते आणि हवेची वाटच मिटते. छाती हलते, पोट हलतं, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन घसरतो. मग मेंदू क्षणभर जागा होतो, घसा उघडतो, मोठा आवाज करत श्वास येतो आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काहीही आठवत नाही. आठवतं ते शेजारी झोपलेल्या बायकोला, कारण घोरणं थांबून आलेली ती शांतता तिने श्वास रोखून ऐकलेली असते.

किमान 10 सेकंद श्वास बंद पडला किंवा बराच कमी झाला की ती एक घटना धरतात. अशा घटना तासाला सरासरी किती, तो आकडा म्हणजे एएचआय. 5 च्या आत असेल तर ठीक. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर तीव्र. म्हणजे ज्याचा आकडा 22 आहे त्याने सहा महिने नेटाने शंख फुंकला आणि 5 कमी केले, तरी तो 17 वर येतो. आजार अजून मध्यमच. घशाच्या स्नायूंचा व्यायाम म्हणून शंख वाईट नाही, घरात असेल तर जरूर फुंका. फक्त त्याच्या भरवशावर मशीन बंद करू नका.

आपल्याकडे घोरणं हा विनोदाचा विषय आहे. घोरणारा माणूस गाढ झोपलाय असंच आपण समजतो, प्रत्यक्षात तो रात्रभर धड झोपलेलाच नसतो. सकाळी डोकं जड, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, औषधं घेऊनही न उतरणारं बीपी, दुपारी मीटिंगमध्ये किंवा सिग्नलला लागणारी डुलकी, ही सगळी त्याचीच लक्षणं असू शकतात. बायकांमध्ये तर निदान आणखी उशिरा होतं. त्या थकवा, निद्रानाश, डोकेदुखी अशा तक्रारी सांगतात आणि घरी-दारी उत्तर मिळतं, दगदग कमी करा. पाळी गेल्यानंतर हा धोका वाढतो, हे त्यांना क्वचितच कुणी सांगतं.

संगीतकार बप्पी लाहिरी यांचं 15 फेब्रुवारी 2022 ला मुंबईत निधन झालं, तेव्हा हॉस्पिटलने छातीच्या वारंवार होणाऱ्या संसर्गासोबत ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियाचं नाव घेतलं होतं. त्या दिवशी अनेकांनी हा शब्द पहिल्यांदा गुगल केला. पुढच्याच वर्षी दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी देशभरातल्या जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेऊन अंदाज मांडला की, कामाच्या वयातल्या सुमारे 10.4 कोटी भारतीयांना हा आजार असावा आणि त्यातल्या 4.7 कोटींचा मध्यम किंवा तीव्र.

एकट्या रुग्णापुरतं हे मर्यादित राहत नाही. 1 डिसेंबर 2013 ला न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये लोकल रुळावरून घसरली, चार जण गेले. मोटरमनला झोप लागली होती आणि त्याला निदान न झालेला तीव्र स्लीप ॲप्निया होता, असं तपासात निघालं. आपल्याकडे समृद्धी महामार्गावर अपघात झाला की ‘चालकाला डुलकी लागल्याचा अंदाज’ एवढं छापून येतं आणि बातमी तिथेच संपते. डुलकी का लागली, हे विचारायला कुणी जात नाही.

मग इंजेक्शन का नको?

नको असं नाही. 20 डिसेंबर 2024 ला अमेरिकेच्या एफडीएने टिर्झेपटाइड हे औषध लठ्ठपणा असलेल्या प्रौढांमधल्या मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्नियासाठी मंजूर केलं. या आजारासाठी मंजूर झालेलं हे पहिलंच औषध. मार्च 2025 मध्ये तेच औषध ‘मौंजारो’ या नावाने भारतात आलं, मधुमेह आणि लठ्ठपणासाठी. तेव्हापासून रील्समध्ये ‘आता मास्कची सुट्टी’ असा सूर आहे.

ज्या चाचणीवर ती मंजुरी मिळाली त्यात 469 जण होते, आणि सगळ्यांना लठ्ठपणा होता. त्यांचा एएचआय सरासरी 50 च्या आसपास होता. वर्षभराने तो 25 ते 29 ने कमी झाला. निम्म्यावर येणं हे मोठंच यश आहे, आणि काही जणांना खरोखरच मशीन लागेनासं होईल. पण 50 चे 25 झाले तरी सरासरी माणूस मध्यम गटातच राहतो. शिवाय हे लगेच होत नाही. वजन उतरायला महिने लागतात आणि तोवर घसा रोज रात्री मिटतच असतो. तिसरी गोष्ट, आपल्याकडे अंगाने बेताच्या माणसांनाही हा आजार होतो, कारण जबड्याची ठेवणही त्याला कारण असते. त्यांना वजनाच्या इंजेक्शनचा काय उपयोग?

पैशांचं बोलायचं तर हे औषध बाजारात आलं तेव्हा 5 मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत 4,375 रुपये होती. आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला 17,500. चाचणीतला डोस तर 10 ते 15 मिलिग्रॅमचा होता. तीन महिन्यांच्या या खर्चात एक बरं मशीन घरी येतं.

मशीन आहे तरी काय?

1980 च्या सुमाराला सिडनीत कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरली. हवा ओढण्याऐवजी नाकात ढकलायची. त्या दाबाने घसा आतून उघडा राहतो, तंबूला आतून काठी लावावी तसा. 1981 मध्ये त्यांनी पाच रुग्णांवरचा अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये छापला आणि सीपॅप जन्माला आलं. आजचं मशीन टिफिनच्या डब्याएवढं असतं आणि पंख्यापेक्षा कमी आवाज करतं, पण तत्त्व तेच. त्यातून ऑक्सिजन येत नाही, हा एक मोठा गैरसमज आहे. येते ती खोलीतलीच हवा, गाळून आणि दाबाने.

ज्या रात्री मास्क लावला त्या रात्री आजार बहुतेक आटोक्यात. काढला की परत. चष्म्यासारखं आहे हे, आणि अडचणही तीच. जगभरातल्या 20 वर्षांच्या अभ्यासांचा 2016 मध्ये आढावा घेतला गेला, त्यात साधारण तिघांतला एक जण मशीन पुरेसं वापरत नसल्याचं दिसलं. त्या 20 वर्षांत मशीन लहान झालं, आवाज कमी झाला, मास्क मऊ झाले, पण हा आकडा हलला नाही.

त्याच वर्षी ‘सेव्ह’ नावाच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेले 2,717 रुग्ण त्यात होते, भारतातलेही. सीपॅपने त्यांचे पुढचे झटके कमी झाले नाहीत. यावरून ‘मशीनचा उपयोग नाही’ अशा बातम्या झाल्या. पण त्या लोकांनी मशीन रात्री सरासरी 3.3 तासच लावलं होतं, म्हणजे निम्मी रात्र विनाउपचार. आणि तेवढ्या वापरातही दिवसाची पेंग कमी झाली, मनाची अवस्था सुधारली, कामावरच्या दांड्या घटल्या. त्यामुळे मशीन हृदय वाचवतं असं छातीठोक सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नका, आणि ते निरुपयोगी म्हणणाऱ्या रीलवरही नको.

लोक ते सोडतात का?

चिकाटी कमी पडते असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. पहिली रात्र कशी असते बघा. तोंडावर रबर, डोक्याला पट्टे, नाकात वारा. श्वास सोडताना कुणीतरी हवा परत आत ढकलतंय असं वाटतं. काहींचा जीव घुसमटतो. तीन वाजता मास्कच्या फटीतून हवा डोळ्यांत शिरते, म्हणून माणूस पट्टा आवळतो. आवळल्याने रबर चुरगळतं आणि गळती वाढते. सकाळी गालावर वळ, तोंड कोरडं आणि पोटात हवा भरलेली. जो बायडेन यांच्या गालावरचे असेच वळ जून 2023 मध्ये पत्रकारांना दिसले आणि व्हाइट हाऊसला ते सीपॅप वापरतात हे सांगावं लागलं. आपल्याकडे चौथ्या दिवशी मशीन कपाटावर जातं.

यातली जवळपास प्रत्येक तक्रार सुटणारी आहे. घुसमट होत असेल तर आधी काही दिवस मास्क जागेपणी लावायचा, टीव्ही बघताना अर्धा तास. मशीनमध्ये रॅम्प नावाची सोय असते, त्यात दाब हळूहळू चढतो. तोंड कोरडं पडतं कारण झोपेत ते उघडं राहतं आणि हवा तिथून निसटते. मग हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क बघावा लागतो. नाकाचं हाड वाकडं असेल, सर्दी कायमची असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे आधी जावं लागतं. पोटात हवा जाते तेव्हा दाबाचं सेटिंग तपासायचं, मात्र ते स्वतः यूट्यूब बघून बदलायचं नाही. घनदाट मिशी-दाढी असेल तर मास्क नीट बसत नाही, तेव्हा नाकपुडीत बसणारे छोटे पिलो मास्क सोयीचे पडतात. मिशी काढायला तयार न झालेल्या सासऱ्यांसाठी ही माहिती खास. ह्युमिडिफायरमध्ये बोअरचं पाणी घालू नका, क्षार साचतात. डिस्टिल्ड पाणीच हवं. मास्कची गादी रोज धुवायची, नाहीतर चेहऱ्याच्या तेलाने ती सरकते.

हे सगळं कुणीतरी पहिल्या एक-दोन आठवड्यांत शेजारी बसून सांगायला हवं, कारण मशीन वापरायचं की नाही ही सवय तेव्हाच ठरते. अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेत पहिल्या तीन महिन्यांत कुठल्याही सलग 30 दिवसांपैकी 70 टक्के रात्री किमान 4 तास वापर दिसला, तरच मशीनचे पैसे पुढे चालू राहतात. नियम कठोर आहे, गरिबांना तो जाचतोही. पण त्यामुळे निदान कुणीतरी आकडे बघतं.

आपल्याकडे काय होतं? झोपेची तपासणी होते, रिपोर्ट येतो, डीलरचा माणूस घरी येऊन 15 मिनिटांत बटणं दाखवतो आणि बिल देऊन जातो. डॉक्टरांची पुढची भेट तीन महिन्यांनी. मधल्या काळात मास्क टोचतोय हे सांगायचं कुणाला? मशीनमधल्या कार्डात किंवा ॲपमध्ये रोजचा वापर, गळती, उरलेला एएचआय, सगळं नोंदलेलं असतं, पण अनेकदा ते कुणी उघडतही नाही.

पैसे कोण देणार?

बहुतेक वेळा तुम्हीच. अनेक आरोग्य विम्यांच्या अटींत, घरी वापरायची उपकरणं मिळणार नाहीत या यादीत, सीपॅपचं नाव लिहिलेलं असतं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना सीजीएचएसमधून ठरावीक मर्यादेपर्यंत भरपाई मिळते. तेव्हा पॉलिसीतली ती बारीक अक्षरं तपासणीच्या आधीच वाचा. मास्क चेहऱ्याला बसत नसेल तर दुसरा घ्यावा लागतो, आणि त्याचे काही हजार वेगळे. हजारोंचं मशीन घेतलेला माणूस इथेच हात आखडता घेतो आणि टोचणाऱ्या मास्कसकट मशीन बंद पडतं.

रात्री वीज गेली तर मशीन थांबतं, मास्कला हवेची छिद्रं असल्याने जीव गुदमरत नाही, पण आजार मात्र परत सुरू होतो. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन सहज चालतं, ह्युमिडिफायरची हीटर प्लेट बंद ठेवली तर जास्त वेळ. रेल्वेत पंचाईत आहे. मोबाइल-लॅपटॉपमुळे आगी लागू नयेत म्हणून रात्री 11 ते पहाटे 5 चार्जिंग पॉइंट बंद ठेवायचं 2021 मध्ये ठरलं, आणि मशीन नेमकं त्याच वेळात लागतं. रात्रीच्या गाडीने वारंवार जाणाऱ्यांना वेगळी बॅटरी घ्यावी लागते.

महाग पडतं म्हणून जुनं मशीन घ्यायचा विचार असेल तर एक तपासा. जून 2021 मध्ये फिलिप्सने ‘ड्रीमस्टेशन’च्या पहिल्या पिढीसह लाखो मशीन जगभरातून परत बोलावली, कारण आवाज दाबण्यासाठी आत घातलेला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याची भीती होती. एप्रिल 2024 मध्ये कंपनीने अमेरिकेतल्या दाव्यांपोटी 1.1 अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं. त्यातलं एखादं मशीन सेकंड हँड बाजारात स्वस्तात समोर येऊ शकतं. त्यापेक्षा महिनाभर भाड्याने मशीन घ्या, मोठ्या शहरांत ते मिळतं. घेताना डीलरला दोन गोष्टी आधीच विचारा: मास्क बदलून मिळेल का, आणि पंधराव्या दिवशी कार्डातले आकडे कोण बघणार?