खंजिरीची थाप आणि गाणाऱ्याचा आवाज

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) खंजिरी-भजनांची परंपरा अमरावती-अकोल्याकडे आजही जिवंत आहे. अशा भजनाचे ध्वनिमुद्रण संगणकावर एकत्र करताना आवाज, पेटी, खंजिरी शेवटी ज्या एकाच वाटेने जातात तिला ‘बस’ म्हणतात. (एस. टी. नव्हे, पण सगळे एकत्र जातात हे खरे!) त्या वाटेवर ‘कॉम्प्रेसर’ नावाचा छोटा प्रोग्राम, म्हणजे प्लग-इन, बसवतात. ठरवलेल्या पातळीपलीकडचा ध्वनी तो आवरतो. प्रमाण ४:१ असेल, तर ८ डेसिबेल वर गेलेली थाप २ डेसिबेलच वर राहते.

मात्र त्याला सगळ्यांचा मिळून एकच ध्वनी कळतो. खंजिरी कडाडली की तो सर्वांनाच ६ डेसिबेल खाली ओढतो. यात गाणाऱ्याचा काय दोष? दर थापेला त्याचा आवाज दबतो, पुन्हा वर येतो. म्हणून आधी प्रत्येकाची पातळी वेगवेगळी जुळवावी आणि बसवर १-२ डेसिबेलच दाबावे, असे माझे मत आहे. दाब पडायला सुमारे ३० मिलिसेकंद लागू दिले, तर थापेची सुरुवातीची धारही वाचते.

दाबून झाल्यावर एकूण आवाज वाढवतात, आणि मोठा आवाज कानाला चांगलाच वाटतो! तेव्हा दाबलेला व न दाबलेला नमुना सारख्याच पातळीवर ऐकून मग ठरवा.