आप्त की वाटेकरी?

(एस. वाय. बी. ए.)

गेल्या मे महिन्यात आमच्या अंगणात एक गाडी येऊन थांबली. रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या वाडीत गाडी येणे आता नवलाचे राहिलेले नाही. पण उतरलेल्या सत्तरीच्या बाई मॉरिशसहून आल्या होत्या. घरी त्या क्रिओल बोलतात, मराठी शाळेत शिकलेल्या, म्हणून शब्द जपून जपून उच्चारत होत्या. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जुन्या मजुरांची दप्तरे जतन केलेली आहेत. तेथून मिळालेली एक नोंद त्यांनी आजीपुढे धरली. पणजोबांचा क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, जिल्हा आणि गाव. गावाच्या नावाची कारकुनाने पार मोडतोड केली होती, तरी ते आमचेच होते. आडनावही आमचेच.

काकांनी पाणी दिले, चहा दिला आणि सांगितले, "आमच्यातलं कोणी तिकडे गेल्याचं ऐकिवात नाही." बाई तासाभराने निघून गेल्या. गाडी वळणाआड गेल्यावर काका म्हणाले, "कागद घेऊन माणूस येतो तो जमिनीसाठीच येतो. उद्या सातबाऱ्यावर नाव लावा म्हणतील!"

मित्रहो, काकांना दोष देणे सोपे आहे. मी तो देणार नाही, कारण माझी फी काकाच भरतात, आणि भाऊबंदकीचे दोन दावे त्यांनी चपला झिजवून लढवले आहेत. परंतु त्यांचा हिशेब मात्र चुकला आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी कायद्याने संपली तेव्हा मॉरिशसच्या ऊसमळेवाल्यांना हात हवे होते. 1834 च्या नोव्हेंबरात 'अ‍ॅटलस' जहाजातून 36 मजूर तेथे उतरले. पुढे सुमारे साडेचार लाख माणसे करारावर गेली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून; मुंबईहून गेलेल्यांत आपले कोकणातलेही होते. एक दिवस कामाला गैरहजर राहिले तर दोन दिवसांची मजुरी कापत. 1867 नंतर फोटो लावलेला परवाना जवळ नसेल तर रस्त्यावर फिरण्याचीही चोरी. काहीजण परतले, बरेचसे तेथेच राहिले.

आता आमच्या घराकडे पाहू. बाईंच्या पणजोबांनी 1865 साली घर सोडले, तेव्हा आमच्या नावावर जमीन होती कुठे? होता तो खोत. पिकाचा वाटा त्याच्या घरी पोचवायचा आणि उरेल त्यात पावसाळा काढायचा. खोती रद्द करण्याचा कायदा 1949 चा. कुळ जमिनीचा मालक ठरण्याचा दिवस 1 एप्रिल 1957 चा. तोवर आम्ही दुसऱ्याच्या शेतात राबणारी माणसे. म्हणजे तो मुलगा ज्या घरातून गेला तेथे वाटणी मागण्यासारखे काही नव्हतेच, आणि नव्हते म्हणूनच तो गेला असणार!

उलट तिकडे काय झाले ते बाईंनी चहा पिता पिता सांगितले होते. काकांनी ते ऐकले नाही एवढेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साखरेचा भाव पडला, तेव्हा मळेवाले कडेच्या जमिनींचे तुकडे पाडून हप्त्याने विकू लागले. जुन्या मजुरांनी साठवलेल्या पैशातून ते घेतले. बाईंच्या आजोबांनी असाच एक तुकडा घेतला. आजी पहाटे गाईचे दूध काढून डोक्यावरून विकायला नेई, मग दिवसभर उसात. हप्ते फेडायला बारा वर्षे लागली. आम्ही येथे अजून कुळ होतो, तेव्हा आमचा तो भाऊबंद तेथे जमिनीचा मालक झाला होता! मग कोणी कोणाकडे वाटणी मागायची?

बाईंना एकच हवे होते. नोंदीत बापाचे नाव आहे, आईचे नाही. ते कोणाला आठवते का?

त्या रात्री भांडी घासताना आजी हळूच म्हणाली, "सर्वपित्रीला एक पान बाजूला वाढतो ना, ते बोटीवर गेलेल्याचं. माझ्या सासूबाई सांगायच्या." त्याच्या आईचे नावही तिला ठाऊक होते. "मग सांगितलं का नाहीस?" मी विचारले. "तुझा काका डोळ्याने खुणावत होता गो."

आपल्या अभ्यासक्रमात स्थलांतराचा इतिहास येतो, आपण त्यावर प्रकल्पही लिहितो, बहुधा मागच्या वर्षीच्या प्रकल्पावरून उतरवून. (मीही उतरवलेला आहे.) माझी प्राध्यापकांना विनंती आहे की सुट्टीत आम्हाला आपापल्या आज्यांकडे धाडावे आणि त्यांना माहीत असलेली नावे लिहून आणायला लावावी. आमच्या भागात आंब्याच्या बागा राखायला नेपाळहून कुटुंबे येतात. शेजारच्या बागेत त्यांची लहान मुले खेळताना मी रोज पाहते, पण त्यांच्या गावाचे नाव मी अजून विचारलेले नाही. तेही लिहून ठेवायला हवे.

असो. बाई जाताना फोन नंबर लिहिलेला कागद ठेवून गेल्या आहेत. काकांनी तो वीजबिलांच्या डब्यात टाकला आणि डबा कपाटात ठेवला. चावी त्यांच्याजवळ असते. हा अंक घरी जाईल, आणि सातवीपर्यंत शिकलेले आमचे काका छापलेला कागद वाचल्याशिवाय सोडत नाहीत.

काका, आजीला आता ऐंशीवे लागले आहे. तो कागद मला द्या.