आपली आवड, पण कुणाची?

‘घरात गाणं लागलंय’ असं आपण म्हणायचो. हल्ली गाणं घरात लागत नाही, कानात लागतं. मुलगा अभ्यासाला बसला की कानात बोंडं, मुलगी भांडी आवरताना कानात बोंडं, आणि घरातले कर्ते पुरुष सकाळी फिरायला निघाले तरी तेच. चार माणसं, चार तऱ्हेची गाणी आणि बैठकीच्या खोलीत मात्र शुकशुकाट! स्वयंपाकघरात ऐकू येते ती फक्त कुकरची शिट्टी आणि मिक्सरची घरघर.

आपल्या आई-आज्यांचं असं नव्हतं. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण वर्षभर प्रसारित झालं, तेव्हा ज्या घरी रेडिओ असेल तिथे शेजारपाजारही येऊन बसायचं. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली आणि पुढच्या कित्येक वर्षांत अनेक बायकांचा दिवस तिच्यावरच चालला. प्रादेशिक बातम्या लागल्या की डबे भरायचे, जुनी गाणी लागली की निवडण-टिपण करायचं. घड्याळाकडे बघायची गरजच नसे. त्या रेडिओची मोठी गंमत म्हणजे तो कुणाच्या खिशात नसायचा. फळीवर असायचा. ज्याला हवा त्याने कान पिळावा.

हे सगळं आठवायला कारण घडलं एक काडेपेटीएवढी डबी. मोबाइलच्या दुकानात पाचशे रुपयांच्या आत मिळणारा ब्लूटूथ रिसीव्हर. आमच्याकडे कॅसेटच्या जमान्यातली म्युझिक सिस्टीम पडून होती. कॅसेट लावायची सोय कधीच बंद पडलेली, पण स्पीकर ठणठणीत. मागे ‘ऑक्स’ नावाचं भोक होतं, त्यात डबीची वायर खोचली, फोनशी जोडणी केली आणि दहा मिनिटांत घर भरून गाणं! भंगारवाल्याला जाणारी वस्तू पुन्हा कामाला लागली, हा आनंद गृहिणीलाच कळेल.

काम कसं चालतं तेही सांगते, कारण दुकानदार सहसा सांगत नाही. गाणं इंटरनेटवरून येतं फोनमध्ये. फोन ते बिनतारी लहरींनी डबीकडे पाठवतो, डबी स्पीकरला देते. त्यामुळे फोन साधारण दहा मीटरच्या आत हवा. मध्ये जाड भिंत आली की तेवढंही पोचत नाही. मायक्रोवेव्ह ओव्हन चालू केला की गाणं कधी कधी अडखळतं, कारण दोन्हींचं काम २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या लहरींवर चालतं. डबी बिघडली असं समजून लगेच दुकानात धावू नका.

डेटाची धास्तीही थोडी कमी करते. साध्या दर्जाचं, म्हणजे १२८ केबीपीएसचं गाणं तासभर ऐकलं तर साठ एमबीच्या आत काम होतं. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर दोन तास गाणी ऐकूनही बरंच उरतं. पण गाण्यासाठी व्हिडिओ लावून फोन पालथा ठेवायची आपल्यातल्या पुष्कळ जणींना सवय आहे. त्यात कुणी न बघितलेल्या चित्रासाठी कितीतरी पट डेटा जातो. नुसतं गाणं देणारं ॲप त्यापेक्षा परवडतं.

इथवर सगळं गोड. पण महिनाभर वापरल्यावर एक गोष्ट ध्यानात आली, आणि तीच आज मांडायची आहे. ही डबी एका वेळी एकाच फोनचं ऐकते. सुरू केली की बहुतेक वेळा आधी जोडलेल्या फोनलाच जाऊन चिकटते. म्हणजे घरात गाणं कुणाच्या आवडीचं लागणार, हे ठरवतो फोन. आणि तो फोन असतो कुणाचा? मुलाचा नाहीतर ‘ह्यांचा’. मुलगा कॉलेजला आणि हे कामाला गेले की भर दुपारी, जेव्हा घरातल्या बाईला घटकाभर निवांतपणा असतो, तेव्हा डबी मुकी! आमच्या सासूबाई पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, ‘‘एवढं मोठं यंत्र आणलंत, पण मला माझं भजन लावायचं तर नातवाच्या मागे लागावं लागतं. त्यापेक्षा माझा ट्रान्झिस्टर बरा!’’ त्यांचं काय चुकलं, सांगा?

हा एकट्या आमच्या घरचा प्रश्न नाही. बचत गटाच्या कामामुळे बऱ्याच घरांत जाणं होतं. ‘‘फोन आहे ना?’’ असं विचारलं की अनेकदा उत्तर येतं, ‘‘आहे की, पण ह्यांच्याकडे असतो.’’ २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांनी स्वतः वापरायचा मोबाइल असल्याचं सांगितलं. म्हणजे जवळपास निम्म्या जणींकडे तो नव्हता. त्यानंतर फोन वाढले असतील, पण आहे तो हाताशी असतो का आणि त्यावर आपल्या आवडीचं काही लावता येतं का, हे कोण विचारतं?

कुणी म्हणेल, गाणं म्हणजे काय भाकरी आहे का? नाहीच. पण दिवसभर दुसऱ्यांच्या आवडीची भाजी करणाऱ्या, दुसऱ्यांच्या वेळेप्रमाणे उठणाऱ्या बाईला अर्धा तास स्वतःच्या आवडीचं ऐकावंसं वाटलं, तर त्यात चैन कसली? आवड मागावी लागली की बाई ती मागणंच सोडून देते. मग काही वर्षांनी विचारा, ‘‘तुम्हाला कोणती गाणी आवडतात?’’ तर म्हणते, ‘‘मला काहीही चालतं.’’ हे ‘काहीही चालतं’ ऐकलं की माझ्या पोटात तुटतं.

आणखी एक खाचखळगा. ज्या स्पीकरला किंवा डबीला माइक असतो, त्यावर आलेला फोनही मोठ्याने घरभर ऐकू येऊ शकतो. माहेरच्या माणसाशी दोन शब्द मनातले बोलावेत आणि ते बैठकीच्या खोलीत घुमावेत, ही कसली सोय? सेटिंगमध्ये जाऊन ‘फोन कॉल’ची खूण काढता येते. ती आधी काढून घ्या.

आणि हे ॲपवरचं संगीत आपलं नसतं, भाड्याचं असतं. विंक म्युझिक ही सेवा २०२४ मध्ये बंद झाली, तेव्हा त्यावर जमवलेल्या गाण्यांच्या याद्यांसाठी लोकांना दुसरीकडे जागा शोधावी लागली. गुगलने २०१५ मध्ये वायफायवर चालणारं क्रोमकास्ट ऑडिओ नावाचं असंच स्वस्त उपकरण आणलं आणि २०१९ मध्ये त्याचं उत्पादन थांबवलं. मार्च २०२५ मध्ये कंपनीच्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली आणि घराघरांतली ती चालू उपकरणं काही दिवस अडून बसली. कॅसेट निदान आपल्या कपाटात असायची!

म्हणून यंत्र नको, असं माझं म्हणणं नाही. यंत्र जरूर आणा, पण त्याबरोबर थोडी व्यवस्थाही लावा. प्रत्येक घरात काच तडकलेला, बाजूला पडलेला एखादा जुना फोन असतोच. बॅटरी फुगलेली नसेल तर तो स्वच्छ करून फळीवर ठेवा. सिम नसलं तरी चालतं. मेमरी कार्डवर सासूबाईंची भजनं, तुमची भावगीतं भरून घ्या, मग इंटरनेटही लागत नाही. घरात वायफाय असेल तर त्याच फोनवर आकाशवाणीच्या ॲपमधून विविध भारतीही ऐकता येते. हा फोन घराचा. तो कुणी खिशात घालून न्यायचा नाही, हा नियम सगळ्यांसमोर करा. आणि जोडायचं कसं, गाणं बदलायचं कसं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही शिकवा. चार वेळा विसरतील, पाचव्यांदा जमेल. आमच्या सासूबाईंना जमलं, आणि आता दुपारी डबी त्यांच्याच ताब्यात असते.

मैत्रिणींनो, आज संध्याकाळी घरात कुणी विचारलं, ‘‘काय लावू?’’ तर ‘काहीही’ म्हणू नका. एका गाण्याचं नाव घ्या.