ओंडके, गाठी आणि स्मरणरंजन

आमच्या विभागातील एका विद्यार्थ्याने मध्यंतरी सहज सांगितले की, तो रात्री संगणकावर आगगाडी बांधतो. ‘रेलरोड्स ऑनलाइन’ नावाचा हा खेळ 2021 पासून उपलब्ध आहे. अमेरिकेतील जुन्या नॅरोगेज वाफगाड्यांच्या धर्तीवर रूळ टाकायचे, इंजिन चालवायचे, माल वाहायचा. हे ऐकून एक ज्येष्ठ सहकारी हसले. ‘मराठीत एम.ए. करणाऱ्याने खेळण्यातली गाडी हाकावी, हेही दिवस आले!’ असा त्यांचा अभिप्राय पडला. याच सहकाऱ्यांनी पूर्वी आपल्या ‘शकुंतले’वर एक ललित लेख लिहिला होता. धूर, शिट्टी, खिडकीतली कपाशी आणि आजोळ हे सारे त्यात यथास्थित होते. नव्हते ते एवढेच, की ही गाडी इथे कशासाठी आली.

या दोहोंपैकी पोरकट कोणते, असा प्रश्न मला पडला आहे.

विद्यार्थ्याने मला तो खेळ दाखवला. हाती थोडे पैसे आणि एक छोटे इंजिन असते. जंगलातील ओंडके आरागिरणीत पोचवले तर पैसे मिळतात, आणि त्यातूनच पुढचा रूळ. चढ तीव्र ठेवला तर लादलेली गाडी वर चढत नाही, चाके जागच्या जागी फिरतात. वळण आखूड घेतले तर डबे घसरतात. भट्टीत लाकूड टाकावे लागते, बॉयलरमधील पाण्याकडे लक्ष ठेवावे लागते, उतारावर ब्रेक वेळेत लावावे लागतात. सांधाही स्वतः उतरून बदलायचा. तासाभरात मला दोन गोष्टी कळल्या. गाडी श्रमावर चालते, आणि रूळ मालाच्या दिशेने धावतो. प्रवासी या हिशेबात नंतर येतो, किंवा येतच नाही.

आता शकुंतलेकडे वळू. 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट मापाचा हा मार्ग. यवतमाळ ते मूर्तिजापूर सुमारे 113 किलोमीटर, आणि मूर्तिजापूरहून पुढे अचलपूरपर्यंतचा दुसरा फाटा. मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, आणि कारभार किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीचा. मूर्तिजापूरला हा मार्ग मुंबईकडे जाणाऱ्या मोठ्या लोहमार्गाला मिळतो, यातच त्याचे सारे प्रयोजन आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाने (1861–65) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला, तेव्हापासून वऱ्हाडच्या काळ्या मातीवर साम्राज्याची नजर स्थिरावली होती. 1870 मध्ये खामगावला फाटा आला, तोही कापसासाठीच. दारव्हा-कारंज्याकडचा कापूस गाठी होऊन बंदराकडे जावा, म्हणून ही अरुंद गाडी आली. तिला ओढणारे, 1921 साली तयार झालेले वाफेचे इंजिन मँचेस्टरचे होते. जिथे कापूस जायचा, तिथूनच इंजिन यायचे! हा योगायोग आमच्या एकाही ललितलेखकाला बोचू नये?

स्मरणरंजनाचा दोष तो हळवा असतो हा नाही. हळवेपणाला साहित्यात जागा आहेच. त्याचा दोष हा की, ते नेहमी खिडकीशी बसून लिहिले जाते. 15 एप्रिल 1994 रोजी ते वाफेचे इंजिन गेले आणि डिझेल आले, तेव्हा ‘धूर हरपला’ म्हणून हळहळणारे पुष्कळ. पण त्या धुराच्या दुसऱ्या टोकाला वऱ्हाडच्या उन्हात भट्टीसमोर उभा असलेला फायरमन होता. रूळ सांभाळणारा गँगमन होता. पुढे तर मोजक्या माणसांवर ही गाडी चालली. गार्डनेच उतरून फाटक लावायचे, त्यानेच तिकिटे द्यायची. हे आपल्या लेखनात विनोद म्हणून येते, श्रम म्हणून येत नाही. लाकूड टाकायला विसरला म्हणून ज्याचे इंजिन चढावर थांबले, त्या मुलाला फायरमनविषयी जे उमगते, ते खिडकीतल्या लेखकाला उमगलेले नाही.

खेळाची बाजू घेताना त्याचे खोटेपण मात्र झाकणार नाही. त्या पडद्यावर जमीन ओसाड आहे. रूळ टाकताना कुणाचे शेत आडवे येत नाही. ओंडके तोडणारा हात दिसत नाही, मालाला भाव न मिळालेला शेतकरीही दिसत नाही. नफा असतो, कर्ज कुणाच्या गळ्याशी येत नाही. वसाहतीच्या नकाशातही जमीन अशीच रिकामी दाखवली जाई. ही टीका मी त्या विद्यार्थ्यासमोर मांडली. तो शांतपणे म्हणाला, ‘सर, पण मग आपल्या लेखांत तरी ती माणसं कुठे आहेत?’

उत्तर माझ्यापाशी नव्हते. खेळाने माणसे वगळली, कारण त्याला ती हिशेबात नको होती. आपण तर माणसांचे नाव घेऊन लिहितो आणि तरी वगळतो. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला 92 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. निमंत्रणाच्या वादानंतर उद्घाटन झाले ते वैशाली येडे या शेतकरी विधवेच्या हस्ते. कापसाच्या मुलखातील एक बाई साहित्याच्या व्यासपीठावर बोलली. आपण टाळ्या वाजवल्या, आणि पुन्हा धुराकडे वळलो.

गेल्या दशकात शकुंतला थांबली. फेब्रुवारी 2024 मध्ये वर्धा ते कळंब हा ब्रॉडगेज मार्ग सुरू झाला. आता तिच्यावरही लेख येतील, कदाचित आमच्याच विभागातून. ते जरूर यावेत. पण लिहिणाऱ्याने लेखणी उचलण्याआधी तो पोरकट खेळ विचारतो तेवढे दोन प्रश्न स्वतःला विचारावेत: वाघिणीत काय भरले आहे, आणि भट्टीपाशी कोण उभे आहे? त्यांना सोडून लिहिलेली आगगाडी हीच खरी खेळण्यातली.