सवलत आणि सेवा

१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, एस. टी.ची पहिली गाडी धावली. पुढे ही गाडी सह्याद्रीच्या कुशीतील खेड्यांपर्यंत जाऊन पोहोचली. जुन्नर तालुक्यात नाणेघाटाजवळ वसलेले घाटघर आणि आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाचे आहुपे ही अशीच दूरची गावे. अशा गावांतील माणसास मोठा दवाखाना, बाजार किंवा कचेरी यांसाठी जुन्नर, घोडेगाव अथवा मंचर गाठावे लागते.

मुलांनो, धडधाकट माणसाची गाडी चुकली, तर तो दोन कोस चालत जाईल, कोणाच्या दुचाकीवर मागे बसेल किंवा खच्चून भरलेल्या जीपमध्ये कशीबशी जागा मिळवील. परंतु ज्याचे पाय अधू आहेत किंवा ज्यास दृष्टी नाही, त्याने काय करावे? त्याचे औषधपाणी, शिक्षण व रोजगार ही सारी त्या एका गाडीवरच अवलंबून असतात.

दिव्यांग प्रवाशास एस. टी.च्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. १०० रुपयांचा प्रवास त्यास २५ रुपयांत घडतो. ही सवलत योग्यच होय. तथापि जी गाडी सुटतच नाही, तिच्या तिकिटावरील सवलतीचा उपयोग तो काय?

सवलतीमुळे कमी आलेले भाडे शासनाने एस. टी. महामंडळास भरून द्यावयाचे असते. ही रक्कम अपुरी पडली किंवा उशिरा मिळाली, म्हणजे नव्या गाड्यांची खरेदी लांबते, जुन्या गाड्या मोडीत निघतात आणि फेऱ्या कमी करण्याची वेळ येते. अशा वेळी पहिली कुऱ्हाड कोसळते ती कमी उत्पन्नाच्या, आडवळणी गावाच्या फेरीवर. गाडी थांबली म्हणजे खेड्यांची किती कोंडी होते, हे २०२१-२२ मधील एस. टी.च्या दीर्घ संपात साऱ्या महाराष्ट्राने पाहिले आहे.

कोणी म्हणेल, महामंडळाचा साचलेला तोटा १० हजार कोटी रुपयांवर गेला असता चार प्रवाशांसाठी घाटात गाडी कशी पाठवावी? हा प्रश्न खोटा नाही. डिझेलास पैसा लागतो. चालक-वाहकांस वेतनही वेळेवर मिळाले पाहिजे. परंतु शाळा व दवाखाना यांचे मोल आपण नफ्यावरून ठरवीत नाही. मग जिच्यावाचून शाळा व दवाखाना गाठता येत नाही, त्या गाडीचे मोल नफ्यावरून का ठरवावे? हा भार साऱ्या राज्याने मिळून उचलला, तर तो कोणासही जड होणार नाही. एकट्या दिव्यांगाच्या माथी मारला, तर मात्र त्याचे घराबाहेर पडणेच खुंटेल.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्थानके व वाहने दिव्यांगांस वापरता येतील अशी करण्याचे कर्तव्य शासनावर सोपविले आहे. गाडीची पायरी बेताच्या उंचीची असावी, स्थानकात उतरंड असावी, हे तर खरेच. पण त्याआधी गाडी ठरल्या वेळी गावात आली पाहिजे. काटकसर अवश्य करावी. मात्र ज्यास दुसरी वाट नाही, त्याची फेरी सर्वांच्या शेवटी कमी करावी, हाच न्याय होय.